डाव्या डोळ्याची ओळ

विमल,

तुझा धूर आग्नेयेला गेला. घाटावर सगळे खाली मान घालून, हात जोडून उभे होते आणि मी एकटी वर पाहत होते. वारा वायव्येचा, जोर बेताचा. खापरखेड्याच्या कॉलनीत तू मला जे जे शिकवायला गेलीस, त्यातली ही एकच गोष्ट मला नीट येते. तुझ्या फ्लाइंग क्लबातली चार-पाच म्हातारी माणसं आली होती. त्यांच्यापैकी एकानेही वर पाहिलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि मग माझा स्वतःचाच आला, कारण त्यांच्यावर रागवायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

त्याला आज नऊ दिवस झाले. रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे आणि तुझा भाचा आनंद त्यासाठी चार पानांची पुस्तिका छापतो आहे. काल तो कच्चा मजकूर घेऊन आला. म्हणाला, "मावशी, आत्याचं तुमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत आहे? चुका पाहून द्या. उद्या सकाळी प्रेसवाल्याले द्यायचं आहे." मी लाल पेन घेऊन बसले. पहिल्या पानावर शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या, दुसऱ्यावर तुझ्या आईचं नाव दुरुस्त केलं. तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: ‘पुढे स्मृती साथ देईनाशी झाल्यामुळे त्यांनी उड्डाण थांबवले.’ कालपासून माझं पेन तिथेच अडकलं आहे.

आनंदची यात काही चूक नाही. हे वाक्य तुझंच. अठरा वर्षं तू जो भेटेल त्याला हेच सांगत आलीस. ते खरं नाही, विमल. आणि ते खरं नाही, हे आता जगात फक्त मला माहीत आहे.

तुझ्या स्मरणशक्तीबद्दल कोणी असं लिहावं! कॉलनीत आपल्या दोघींच्या क्वार्टरची भिंत एक होती. तुझे बाबा वीजकेंद्राच्या बॉयलरवर, माझे कुहीची धानाची शेती भावांवर सोपवून कोळशाच्या यार्डात आलेले. भिंतीपलीकडून मला तुझे पाढे ऐकू यायचे, एकोणतीसचा, सदतीसचा, जे कोणीच मागितलेले नसायचे. पौर्णिमेला विहारात मोठी माणसं वंदनेत अडखळली की पुढचा शब्द तू पुरवायचीस. बाईंचं हजेरीबुक घरी राहिलं तेव्हा चाळीस मुलींची नावं तू म्हणून दाखवलीस, आणि वर उलटीकडूनही म्हटलीस. मार खायची लायकी होती तुझी.

दोरीवर कपडे वाळत घातले आणि वारा फिरला, की चिमणीची राख सगळ्यांच्या लुगड्यांवर. दोन्ही घरच्या आया ओरडत धावायच्या. तू मात्र टाकीच्या ओट्यावर चढून धुराकडे बघत बसायचीस. "सुशे, आज विमान उलट्या बाजूनं उतरन, पाहजो." विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. रोज धूर आणि विमान दोन्ही बघून तू ते स्वतःच जुळवलं होतंस. पुढे विमान चालवायला लागलीस तेव्हाही, यंत्रं काहीही सांगोत, खिडकीतून आधी आपली चिमणी शोधायचीस.

कॉलेजात शिष्यवृत्तीवर क्लबात शिरलीस, त्या वेळी तिथे दुसरी एकही मुलगी नव्हती. तुझं पहिलं एकटीचं उड्डाण झालं त्या दिवशी क्लबातल्या पोरांनी रिवाजाप्रमाणे तुझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं आणि तू तशीच ओलीचिंब एसटीने घरी आलीस. तुझ्या मायने दारातच विचारलं, "कालव्यात पडली का वं?" आणि तू म्हणालीस, "नाही माय, वरून आली." कॉलनीत हे महिनाभर पुरलं. आनंदच्या पुस्तिकेत हे नाही. ‘विदर्भाच्या कन्येची गगनभरारी’ असं काहीतरी आहे. तू असतीस तर वाचून नाक मुरडलं असतंस.

मी काय, विज्ञानात दोनदा नापास होऊन धरमपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात लागले. थेंब टाकायचे, रोग्याचा एक डोळा झाकायचा, लांबून वाचायच्या अक्षरांच्या भिंतीवरच्या डब्यातला दिवा लावायचा. चाळीस वर्षं तेच केलं. वैमानिकांच्या तपासणीतला डोळ्यांचा भाग आमच्याच डॉक्टरांकडे व्हायचा. दर सहा महिन्यांनी तू यायचीस, शेवटची ओळ घडाघडा वाचायचीस आणि मला डोळा मारून जायचीस. माझा नवरा गेला त्या वर्षी तू दर रविवारी स्कूटरवर माझ्याकडे यायचीस, धड एक वाक्य न बोलता जेवायचीस, भांडी घासायचीस आणि परत जायचीस. तेवढ्यावर मी ते वर्ष काढलं. हे तुला कधी बोलले नाही. बोलायच्या राहिलेल्या गोष्टींत ही त्यातल्या त्यात सोपी.

पन्नाशी ओलांडल्यावर एका दुपारी तू दवाखान्याच्या मागच्या दाराने आलीस. "सुशे, डाव्या डोळ्यात राख गेल्यासारखी वाटून राहिली वं. पाह्य बरं." मी बॅटरी लावून पाहिलं. राख नव्हती. "मंग मले काहून दिसून राहिली?" म्हणालीस. तुझा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा बारीक झालेला ऐकला. कोणाला कळू नये म्हणून आपण अमरावतीच्या डॉक्टरकडे गेलो. डोळ्याच्या पडद्याची शीर बंद झाली होती. गेलेलं दिसणं परत येणार नव्हतं आणि चष्म्याचा उपयोग नव्हता. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापासून वर्ध्यापर्यंत तू एकदा हा, एकदा तो डोळा झाकून खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "तुह्या डब्यातली अक्षरं मले लिहून दे."

एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे दाखवायला मी सुईदोरा पुढे केला होता, आठवतं? डावा डोळा झाकून ओव म्हटलं. सहा वेळा चुकलीस. सातव्यांदा ओवलीस आणि हात नाचवून म्हणालीस, "पाह्य!" म्हणजे तूच जिंकलीस.

मी अक्षरं लिहून दिली. नुसती दिली नाहीत, शिकवली. आमच्या डब्यात दोन फळ्या होत्या, उजव्या डोळ्याला एक, डाव्याला दुसरी. डावीकडची फळी तुला पाठ करायची होती. घडाघडा म्हणायचं नाही, डोळे किलकिले करायचे, शेवटच्या ओळीत चौथ्या अक्षराशी थोडं थबकायचं, हे सगळं माझं. आमचे डॉक्टर माणूस चांगले, पण घाईचे. अक्षरं बरोबर आली की डोळ्याच्या आत बघायला दिवा काढत नसत. कोणी चुकलं, तरच. पाच वेळा तू अशी पास झालीस. तपासणीच्या सकाळी कागद नळाखाली धरून त्याचा चोथा करायचा, हा तुझा नियम. पुरावा नको.

मग तो दिवस. तू तेव्हा क्लबात शिकवायचीस, शिकाऊ मुलींना घेऊन दुसऱ्या गावच्या लहान धावपट्टीवर जायचीस. मी जेवणाचा डबा घेऊन तुझ्यासोबत आले होते आणि शेडच्या सावलीत बसले होते. पट्टीच्या कडेचं गवत कापायला बाया यायच्या. विमान येताना दिसलं की लांब सरकून बसायचं, एवढाच नेम. शिकाऊ पोरगी डावीकडे, तू उजवीकडे. विमान उतरताना डाव्या अंगाला ओढलं जायला लागलं आणि तू ते सावरत नव्हतीस. एक बाई उठली, पळाली, मग पळणं सोडून जमिनीवर पालथी पडली. पंख तिच्यावरून गेला. तिचा भारा उधळला. विमान नंतर सरळ झालं आणि नीट थांबलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काही झालंच नाही.

तू धावत तिच्याकडे गेलीस. तिला पाणी पाजलंस. तिच्या हातातला विळा सुटत नव्हता, तिची बोटं तू एकेक करून उघडलीस. ती तुझ्यावर रागावली नाही. तिला फक्त कळत नव्हतं. "बाई, तुम्ही तं माह्याकडंच पाहून राहिल्या होत्या ना," ती म्हणाली. तू तिचं उधळलेलं गवत गोळा करायला लागलीस. ती खरं बोलत होती. तिच्या बाजूचा तुझा डावा डोळा उघडाच होता.

येताना जीपमध्ये आपलं भांडण झालं. आयुष्यातलं एकच मोठं, आणि तेही अर्धवट राहिलं. मी म्हटलं, "आता पुरे, विमल." तू म्हणालीस, ती मध्ये आली. मी म्हटलं, ती मध्ये नव्हती, कडेला होती. "मी थांबली तं मी कोण वं?" म्हणालीस. "बॉयलरवाल्याची पोट्टी. बस. लोक म्हणतील, उडाली थोडी, आली खाली." मला उत्तर द्यायचं होतं. तू विमानात बसायच्या आधीही माझ्यासाठी तूच होतीस, असं काहीतरी. तू म्हणालीस, "एवढी एक तपासणी. ह्या पोट्टीचं एकटीचं उड्डाण झालं का मीच सोडतो." तू सोडणार नव्हतीस. हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी नवा डबा आणला. नव्या फळ्या, नवी अक्षरं. तुला क्लबात कळलं असावं, तुझा फोन आला, "नवीन ओळी आण."

मी तुला तोंडावर ‘नाही’ म्हणू शकले असते. तू चिडली असतीस, दोन महिने बोलली नसतीस, मग एखाद्या रविवारी आली असतीस भांडी घासायला. मी डॉक्टरांना सांगू शकले असते. माझी नोकरी गेली असती, एवढंच. मी दोन्ही केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत दार लावून मी डाव्या डोळ्याची नवी फळी कागदावर उतरवून घेतली. वरच्या ओळी जशाच्या तशा लिहिल्या. शेवटची ओळ होती एच, टी, ओ, एल, ए, व्ही. मी लिहिलं टी, एच, ओ, ए, एल, व्ही. हात चुकला, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. हात चुकला नाही. मी विचार करून लिहिलं, आणि लिहिल्यावर एकदा तपासूनही घेतलं.

त्या रविवारी तुझ्या स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलता सोलता तू ती ओळ पाठ केलीस. प्रत्येक वेळी म्हणून झालं की विचारायचीस, "बरोबर?" आणि मी कागद बघून म्हणायचे, "बरोबर." वीस वेळा तरी म्हटलं असेन. तपासणीच्या सकाळी तू नेहमीसारखा कागदाचा चोथा केलास. म्हणजे पडताळून बघायला तुझ्याकडे काहीच उरलं नाही. हेही मी धरून चालले होते.

दिवा मीच लावला. उजवा डोळा झाला. मग उजवा झाकून तू डाव्यासाठीची फळी वाचायला लागलीस. वरच्या ओळी बरोबर. शेवटच्या ओळीला डोळे किलकिले केलेस, चौथ्या अक्षराशी मी शिकवलं तसं थबकलीस. टी, एच, ओ, ए, एल, व्ही. डॉक्टर म्हणाले, "परत वाचा." तू तेच वाचलंस, तितकीच ठाम. त्यांनी खोलीतला दिवा घालवला आणि त्यांचा लहान दिवा काढून तुझ्या डोळ्यात बघायला वाकले. बराच वेळ वाकून होते. मग हळूच विचारलं, "किती दिवसांपासून?" तू अंधारात मला शोधलंस. मी भिंगांची पेटी पुसत होते. पुसायची गरज नव्हती. डॉक्टरांनी कागदावर फक्त ‘अपात्र’ लिहिलं आणि डोळ्याचं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

बाहेर स्कूटरपाशी मला रडू फुटलं. आणि तू माझा हात धरलास, विमल. तुझं सगळं गेलं होतं आणि समजूत तू माझी घातलीस. "रडून काहून राहिली वं? तू बरोबर शिकवली होती. माह्यंच डोकं गेलं." त्या क्षणी सांगायला हवं होतं. हात तुझ्या हातात होता, दवाखान्याचं फाटक समोर होतं, रस्त्यावर ओळखीचं कोणी नव्हतं. मी फक्त नाक पुसलं.

मला वाटलं होतं, तुझं विमान जाईल. बस, एवढंच जाईल. तुझं डोकं जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण तू त्या दिवसापासून त्याच्यावरचा विश्वासच काढून घेतलास. भिंतीवर चिठ्ठ्या आल्या: नळ, गॅस, किल्ली, सुशीले फोन. क्लबात वर्ग घेत होतीस, एक दिवस कुठल्याशा आकड्यापाशी अडखळलीस आणि खडू ठेवून घरी आलीस, ती कायमची. आकडा तू बरोबर सांगितला होतास. कोणीतरी मुलगी तुझ्यावर पुस्तक लिहायला रेकॉर्डर घेऊन आली होती, दोनदा चहा पाजून तू तिला परत पाठवलंस. "माह्या आठवणीवर भरवसा ठेवू नको बाई, काहीतरी खोटं सांगून टाकीन." म्हणून आज आनंदकडे तुझी चार पानं भरतील एवढासुद्धा ऐवज नाही. त्याला गगनभरारी लिहावी लागते.

मी तुला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने शब्द विचारले, आकडे विचारले, घड्याळ काढायला लावलं. म्हणाला, एकदम उत्तम. जिना उतरताना तू हसलीस आणि म्हणालीस, "पास होणं कसं असते ते मले माहीत आहे." मीही हसले. खरं सांगते, मी हसले.

तू दवाखान्यात होतीस त्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, आनंद औषधं आणायला खाली गेला होता. तुझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपलीस. "सुशे, ऐक," म्हणालीस. आणि एकेक अक्षर, मध्ये श्वास घेत, चौथ्याशी थोडं थबकून: "टी, एच, ओ, ए, एल, व्ही. आता तरी बरोबर आहे का वं?"

अठरा वर्षं. तू ती ओळ मनातल्या मनात किती वेळा म्हटली असशील, कुठे चुकली म्हणून किती वेळा शोधलं असशील, हे मला त्या वेळी कळलं. एक शब्द सांगायचा होता. खोलीत आपण दोघीच होतो. मी पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "आराम कर, विमल."

तू म्हणालीस, "म्हंजे चुकलंच." आणि भिंतीकडे तोंड केलंस.

त्यानंतर तू दोन दिवस होतीस. शुद्धीत होतीस. मी तुला चमच्याने चहा पाजला, केस विंचरले, उशी बदलली. दोन दिवस मी हेच करत राहिले.

तुला थांबवलं याचं मला वाईट वाटत नाही. हे इथे स्पष्ट लिहिते, नाहीतर रविवारी कोणाला वाटेल, म्हातारी पश्चात्तापाने बरळते आहे. ती गवतवाली बाई त्या दिवशी उठून घरी गेली, आणि पुढच्या एखाद्या दिवशी दुसरी कोणी उठली नसती. तुला थांबवायलाच हवं होतं. पण मी सांगून थांबवलं नाही. मी तुझ्या ज्या गोष्टीला कधीच काही झालं नव्हतं, ती मोडली, आणि तुला वाटू दिलं की ती आपणहून मोडली. मैत्रिणीचा राग सोसायची माझी तयारी नव्हती, आणि त्याचे पैसे तू भरलेस, अठरा वर्षं, भिंतीवर चिठ्ठ्या लावून.

हे छापलं तर तुझं नाव मळेल, हे मला कळतं. लोक म्हणतील, एका डोळ्याने पोरींना घेऊन उडत होती. म्हणतील ते. काल रात्रीपर्यंत मी हेच कारण स्वतःला सांगत होते, की तुझ्या नावासाठी गप्प राहावं. पण तुझ्या नावाची काळजी मला अठरा वर्षांत फक्त तेव्हाच वाटली आहे, जेव्हा जेव्हा मला स्वतःला वाचवायचं होतं. त्यामुळे आता ते कारण चालायचं नाही.

तिसऱ्या पानावरचं ते वाक्य मी खोडलं आहे. लाल शाईने, दोनदा. आनंद आता येईलच, फाटकाशी गाडी लावल्याचा आवाज आला. त्याच्या पानांसोबत ही पानंही त्याच्या हातात देते. तो छापेल किंवा फाडेल. रविवारी मला दारात उभं करणार नाही कदाचित. तुझा भाचा आहे, तुझ्यासारखा तापट आहे, त्याने करावं.

तू एकदा विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही, तेवढं तरी इथे देते. ओळ चुकीची होती, विमल. ती मी लिहिली होती. पण मी लिहिली तशी तू म्हटलीस, त्या सकाळीही आणि त्या दुपारीही, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता.

टी, एच, ओ, ए, एल, व्ही.

बरोबर.